न उडणाऱ्या पदार्थाचा बाष्पदाब

कपाटात ठेवलेल्या डांबरगोळीचा काही महिन्यांत वाटाणा होतो. ती वितळत नाही. घनरूपातूनच तिची वाफ होते. गोळी बंद बाटलीत ठेवली तर थोड्या वेळाने जेवढे रेणू उडतात, तेवढेच परत येऊन चिकटतात. त्या वेळी बाटलीतल्या बाष्पाचा जो दाब असतो, तो त्या तापमानाचा बाष्पदाब. 25 अंश सेल्सियसला नॅप्थलीनचा बाष्पदाब सुमारे 11 पास्कल भरतो.

आता खालापूर तालुक्याकडे वळू. पाताळगंगेच्या काठी, रसायनीला, हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात अनेक वर्षे डीडीटी तयार होत असे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. फवारा महिनोन्महिने टिके आणि भिंतीवर टेकलेला डास मरे. डांबरगोळीसारखे ते उडून गेले असते, तर दर आठवड्याला फवारावे लागले असते!

20 अंशाला डीडीटीचा बाष्पदाब सुमारे 0.000025 पास्कल आहे, म्हणजे हवेच्या दाबाचा 400 कोटीवा हिस्सा. खिडक्या लावलेला आपला वर्ग त्याच्या बाष्पाने पूर्ण संपृक्त झाला, तरी त्यात अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच डीडीटी मावेल. हा दाब मोजायचा कसा? पाऱ्याच्या दाबमापीचा इथे उपयोग नाही. गंमत अशी, की 20 अंशाला पाऱ्याचा स्वतःचाच बाष्पदाब 0.16 पास्कल, डीडीटीच्या सहा हजार पट असतो!

वाट दाखवली ती डेन्मार्कच्या मार्टिन नुडसेन यांनी, 1909 साली. पदार्थ एका डबीत ठेवायचा, झाकणाला अगदी बारीक छिद्र पाडायचे आणि डबी निर्वातात ठेवायची. छिद्र इतके बारीक हवे, की रेणू एकमेकांवर न आदळता एकेकटे बाहेर पडावेत. मग किती वेळात किती वजन घटले, एवढेच पाहायचे. छिद्राचे क्षेत्रफळ, तापमान आणि रेणुभार ठाऊक असले की वायूंच्या गतिज सिद्धांतावरून दाब काढता येतो.

पण 20 अंशाला एक चौरस मिलिमीटर छिद्रातून दिवसाला जेमतेम 10 मायक्रोग्रॅम डीडीटी निसटेल. एवढी घट तोलणार कोण? म्हणून पदार्थ तापवतात. 90 अंशाला बाष्पदाब सुमारे दहा हजार पट होतो. मात्र 109 अंशाच्या आसपास डीडीटी वितळते, त्याच्या आतच राहावे लागते, कारण द्रवाची रेषा वेगळी. दाबाचा लॉगरिथम आणि केल्विन तापमानाचा व्यस्तांक यांचा आलेख जवळजवळ सरळ येतो. तो खाली वाढवून 20 अंशाचा आकडा वाचायचा. बाल्सन यांनी 1947 साली निसटत्या बाष्पावरच आधारलेला दाबमापी वापरून डीडीटीचे मापन केले.

हा चिमुकला आकडा शून्य नाही, हे विसरू नये. उष्ण प्रदेशात उडालेले डीडीटी थंड हवेत पुन्हा जमिनीवर, बर्फावर उतरते. म्हणूनच जिथे कधी फवारणी झाली नाही, त्या आर्क्टिकमधल्या सीलच्या चरबीतही ते सापडले. भारतात शेतीतला त्याचा वापर 1989 साली बंद झाला.

डीडीटी अर्थातच शाळेत आणू नये. अरुंद तोंडाच्या बाटलीत डांबरगोळी घालून ती हवेशीर सावलीत ठेवावी आणि डिसेंबरात व मेमध्ये आठवडाभरातली घट तोलावी. गोळी चिमट्याने उचलावी. दर सात अंशांना नॅप्थलीनचा बाष्पदाब साधारण दुप्पट होतो; कर्जतच्या उन्हाळ्यात तुमची घट त्याच्याशी कितपत जुळते, ते मुलांनाच आलेखावर काढू द्या.