पाहुण्यांसाठी गरम भरीत, शुगरवाल्यांनाही चालेल असे

१६ ऑक्टोबर जवळ आला की कोरपन्यातील आपल्या घरांत पाहुण्यांची वर्दळ वाढते. १९५६ साली याच दिवशी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. तिथे जाणारे नातेवाईक वाटेत आपल्याकडे थांबतात. आपण लगेच साखरेचा चहा, बिस्किटे, बुंदी पुढे करतो. शुगर असलेली माणसेही भिडेपोटी ते खातात.

मागच्या वर्षी आमच्या आत्याबाईंनी तेच केले. रात्रभर त्यांना तहान लागत होती, लघवीला उठावे लागत होते. सकाळी तपासले तर शुगर बरीच वाढलेली. "सांगायचं ना," आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या, "एवढ्या प्रेमानं दिलं, नाही कसं म्हणू?" तेव्हापासून आम्ही सर्वांसमोर एकच पदार्थ ठेवतो: वांग्याचे गरम भरीत. शुगरवाल्यांचे ताट वेगळे नाही, त्यामुळे कोणाला संकोचही नाही.

१०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर तेवढ्याच वांग्यात ५-६ ग्रॅम, आणि त्यातही बराच भाग चोथ्याचा. म्हणून भरिताने शुगर एकदम चढत नाही.

सहा-सात जणांसाठी १ किलो भरताची वांगी घ्या. चीर देऊन आत कीड नाही ना ते पाहा. तेलाचा हात लावून पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यावर किंवा गॅसवर सगळीकडून भाजा. १० मिनिटे झाकून ठेवा, मग साल काढून ठेचा. गंजात २ मोठे चमचे तेल तापवून जिरे, ८-१० लसणाच्या पाकळ्या आणि ४-५ हिरव्या मिरच्यांचा ठेचा परता. चिरलेली कांद्याची पात टाका. ती नरम झाली की वांगे आणि मीठ घालून ५ मिनिटे शिजवा. शेवटी २ चमचे दाण्याचा कूट आणि सांभार घाला. बटाटा किंवा साखर घालू नका. बीपीचे पाहुणे असतील तर मीठ हात राखून टाका.

पाहुणे यायला उशीर झाला तर गंज गरम पाण्याच्या पातेल्यात झाकून ठेवा. सोबत काकडी, मुळा, गाजर यांच्या लांब फोडी द्या. त्या भरितात बुडवून खाता येतात. फोडी करण्याआधी भाज्या स्वच्छ पाण्याने नीट धुवा.

ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. ज्वारीतही पिष्ट आहे. मात्र भाकरी एकदम बंदही करू नका. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण टाळले तर शुगर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना दाखवा. म्हणून भरितासोबत अर्धी-एक भाकरी वेळेवर द्या. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांना विचारूनच.

यंदा पाहुणे येतील तेव्हा चहाही बिनसाखरेचा ठेवा. ज्याला हवी तो साखर वरून घेईल.