पेशीविभाजन : एक जनुक, दोन प्रारंभक

आमवाताचे जे रुग्ण अहिल्यानगर जिल्ह्यातील आपल्या चिकित्सालयांत येतात, त्यांपैकी अनेकांना मेथोट्रेक्सेट आधीच सुरू असते. हे औषध ज्या विकराचे कार्य रोखते, त्याच्या जनुकाचे नियमन वैद्यांनीही जाणून घेणे उचित ठरेल.

या विषयाचा एक धागा मुंबईत सापडतो. सन १९२८ मध्ये तेथे आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी गिरणी कामगार स्त्रियांमधील गर्भिणी-पांडूचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा पांडू बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलेट होय.

विभाजनापूर्वी पेशीस आपल्या डीएनएची दुसरी प्रत तयार करावी लागते. त्यासाठी लागणारा थायमिन हा घटक बनताना फोलेटचे क्रियाशील रूप खर्ची पडते. ते पुन्हा क्रियाशील करण्याचे कार्य डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर करते. त्याचे जनुक मानवाच्या पाचव्या गुणसूत्रावर आहे.

जनुकाचे वाचन जेथून सुरू होते, त्या डीएनएच्या भागास प्रारंभक अर्थात प्रमोटर म्हणतात. प्रस्तुत जनुकास असे दोन प्रारंभक आहेत. विभाजनास सिद्ध झालेल्या पेशीत ई-टू-एफ गटातील प्रथिनांच्या साहाय्याने मुख्य प्रारंभक कार्यरत होतो व विकरनिर्मितीचा संदेश देणारे बहुतेक सर्व आरएनए तेथूनच तयार होतात. गौण प्रारंभक त्याच्या थोडा अलीकडे असतो. विश्रांत पेशीत त्यापासून निघणारा आरएनए प्रथिन बनवीत नाही. तो मुख्य प्रारंभकाशी व तेथील एका आवश्यक प्रथिनाशी संलग्न होऊन वाचनाची जुळणीच मोडतो. 'नेचर' या नियतकालिकात २००७ मध्ये ही यंत्रणा प्रसिद्ध झाली. एकाच जनुकाचा एक प्रारंभक दुसऱ्यास आवर घालतो, हे तिचे वैशिष्ट्य होय.

येथे धात्वग्नीशी साम्य जोडण्याचा मोह होतो. परंतु उपमा म्हणजे पुरावा नव्हे.

मेथोट्रेक्सेट प्रारंभकास नव्हे, तर प्रत्यक्ष विकरास रोखते. आमवातातील त्याचा गुण केवळ याच मार्गाने येतो असे नाही. परंतु सतत विभाजन पावणाऱ्या अस्थिमज्जेच्या, मुखाच्या व आतड्याच्या अस्तराच्या पेशींस होणारी बाधा प्रामुख्याने यामुळे होते. म्हणून अशा रुग्णास मुखपाक, ज्वर वा अतिसार झाल्यास केवळ पित्तप्रकोप समजून शमन चिकित्सा देत बसू नये. आठवड्यातून एकदा घ्यावयाची मात्रा तो चुकून रोज घेत नाही ना, हे प्रथम विचारावे. रक्तकणांची व वृक्कांची तपासणी करवून त्यास तत्काळ संबंधित तज्ज्ञांकडे पाठवावे. तज्ज्ञांनी दिलेले फॉलिक आम्ल 'अनावश्यक' म्हणून परस्पर बंद करू नये. मुखातील एक व्रण हा अस्थिमज्जेच्या क्षीणतेचा पहिला इशारा असू शकतो.