होज पाइप लावताना हवेचाही विचार करू

मंडळी, आज आपण बीएमडब्ल्यूचं जुनं एम२० इंजिन उदाहरणाला घेऊ. १९७७ साली आलेलं, एका रांगेत सहा सिलिंडर. ब्लॉक बिडाचा, हेड मात्र अ‍ॅल्युमिनियमचं. जास्त तापलं की हे हेड वाकतं, कधी तडकतं.

इंजिन गार असताना थर्मोस्टॅट रेडिएटरचा रस्ता अडवतो. पाणी तेव्हा बायपासमधून फिरतं. म्हणून 'हा बारीक पाइप कशाला?' म्हणत बायपास बुजवायचा नाही. फिरणंच थांबलं, तर हेडमध्ये एखाद्या जागी वाफ धरते.

दुसरी गोष्ट हवेची. हवा वर चढते. हीटरचा पाइप मध्येच कमानीसारखा उंच गेला, की तिथे ती अडकून बसते. म्हणून पाइप पिळा न पडता, एक्झॉस्ट आणि पंख्यापासून लांब, शक्य तितका सपाट नेऊ.

पाणी भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवू. थर्मोस्टॅटच्या घरावरचा स्क्रू थोडा सैल करू आणि बुडबुडे थांबले की आवळू. काट्यावर विसंबायचं नाही; सेन्सरभोवती पाणीच नसेल, तर तो खोटं सांगतो. आणि गरम इंजिनाचं झाकण? कधीच उघडायचं नाही.