बीडवरचा ढग रडारला किती बारीक दिसतो?

ऑगस्ट 2015 मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला. त्यासाठी औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयाच्या इमारतीवर सी-बँड डॉप्लर रडार बसवले होते. कोणत्या ढगात फवारणी करायची, हे विमानाला त्यावरून कळायचे. बीड शहर तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या थोडे पलीकडे. इतक्या लांबचा ढग कितपत बारकाईने दिसणार?

ढग रडारपासून किती दूर, हे किती नेमके कळणार ते ठरते बँडविड्थवर, म्हणजे लहरीने व्यापलेल्या वारंवारितांच्या पट्ट्यावर. एका मायक्रोसेकंदाचा साधा स्पंद साधारण 1 मेगाहर्ट्झ जागा घेतो आणि एकामागे एक, 150 मीटरवर असलेल्या दोन सरी वेगळ्या दाखवतो. आडवा तपशील मात्र थाळीच्या व्यासावर अवलंबून. एक अंशाचा झोत शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर रुंद होतो. तो निम्मा करायचा तर व्यास दुप्पट हवा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट आणि वाऱ्याचा मारही तसाच. इथे बँडविड्थ कितीही वाढवली तरी उपयोग शून्य.

म्हणून हवामान रडारच्या अँटेनाला बँडविड्थची फारशी फिकीर नसते. 5600 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या यंत्राला एक-दोन मेगाहर्ट्झ म्हणजे किरकोळच.

जमीन पाहणाऱ्या रडारचे दुखणे वेगळे. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह ढगांआडूनही जमिनीतला ओलावा टिपू शकतो आणि दर 12 दिवसांनी त्याच भागावर परततो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्यासारख्या कोरडवाहू तालुक्यांना याहून कामाचे यंत्र कोणते? त्याच्या एल-बँड लहरीची बँडविड्थ 80 मेगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणून तिरप्या रेषेत दोन मीटरचा फरकही कळतो. पण 1257 मेगाहर्ट्झवर हा पट्टा सहा टक्क्यांहून मोठा. साधा, पातळ पॅच अँटेना एवढा पट्टा पेलत नाही. कडेच्या वारंवारितांची बरीच ऊर्जा आत शिरण्याऐवजी माघारी फिरते.

अनेक छोट्या अँटेनांच्या फळीत आणखी एक कटकट. झोत वळवण्यासाठी अँटेनांच्या लहरींमध्ये ठेवलेला कलाफरक (फेजमधला फरक) एकाच वारंवारितेला अचूक बसतो, इतरांचा झोत थोडा भलतीकडे सरकतो. त्यावर उपाय म्हणून कलेऐवजी खराखुरा वेळेचा विलंब द्यावा लागतो. तो महागडा.

परवलयाकार थाळीत सर्व वारंवारितांना समान अंतर कापावे लागते, त्यामुळे भार येतो तो फीडवर, म्हणजे थाळीसमोर बसून लहरी सोडणाऱ्या आणि टिपणाऱ्या छोट्या अँटेनावर. निसारची 12 मीटरची जाळीदार थाळी अवकाशात छत्रीसारखी उघडली. एल आणि एस या दोन्ही बँडना थाळी एकच, फीड मात्र वेगवेगळे. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रडार नव्हे, रेडिओ दुर्बीण. पण तिथेही 45 मीटरच्या 30 थाळ्या तशाच ठेवून फीड आणि इलेक्ट्रॉनिक्स बदलले, आणि 32 मेगाहर्ट्झची बँडविड्थ 400 पर्यंत गेली.