वेळ आणि दिशा : डुकरिणीच्या गर्भाशयातली संप्रेरकं

स्त्रीच्या संप्रेरकांविषयी वैद्यकाला आज जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या कत्तलखान्यांतून आलेल्या डुकरिणींच्या अंडाशयांमुळे कळलं. सेंट लुईसच्या एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉयझी यांनी १९२३ मध्ये या अंडाशयांतल्या पुटकांच्या द्रवात माज आणणारं द्रव्य असल्याचं दाखवलं. पुढे डॉयझींच्या प्रयोगशाळेने सुमारे चार टन अंडाशयांतून जेमतेम १२ मिलिग्रॅम इस्ट्रॅडिओल मिळवलं. रॉचेस्टरच्या जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी १९२९ मध्ये डुकरिणीच्या पीतपिंडाचा अर्क अंडाशयं काढलेल्या गाभण सशिणींना टोचला आणि त्यांचे गर्भ टिकले. प्रोजेस्टेरॉनची ओळख पटली ती अशी.

तेव्हापासूनच्या शतकभराच्या अभ्यासाचं सार मला एका गोष्टीत दिसतं. संप्रेरक किती आहे एवढ्यावर गर्भाचं भवितव्य ठरत नाही. ते कधी आलं आणि कुठे वळलं, हेही तितकंच निर्णायक असतं.

डुकरीण साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दोन-तीन दिवस टिकतो. वाढत्या पुटकांतलं इस्ट्रोजेन योनिमुख लाल आणि सुजरं करतं, गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं. नराच्या लाळेतल्या अँड्रोस्टेनोनचा वास आला आणि पाठीवर दाब पडला की ती निश्चल उभी राहते. बीजं मात्र माजाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात सुटतात. म्हणून रेतन त्याआधीच्या २४ तासांत झालेलं बरं. तोवर शुक्राणू बीजवाहिनीच्या खालच्या भागात थांबून राहतात.

बीजं सुटली की रिकाम्या पुटकांचे पीतपिंड होतात आणि प्रोजेस्टेरॉनचा अंमल सुरू होतो. गर्भाशयाच्या ग्रंथी पोषक स्राव पाझरू लागतात. त्यातलं युटेरोफेरिन हे जांभळं प्रथिन पुढे गर्भांना लोह पुरवतं.

खरी परीक्षा अकराव्या-बाराव्या दिवशी असते. दहा मिलिमीटरचा गोल भ्रूण काही तासांत लांब धाग्यासारखा ताणला जातो आणि स्वतः इस्ट्रोजेन सोडतो. एरवी गर्भाशयातलं प्रोस्टाग्लँडिन रक्तावाटे अंडाशयाकडे जाऊन पीतपिंड संपवतं आणि मादी पुन्हा माजावर येते. भ्रूणाच्या इस्ट्रोजेनमुळे या प्रोस्टाग्लँडिनचा ओघ गर्भाशयाच्या पोकळीकडे वळतो आणि पीतपिंड वाचतात. फ्लोरिडातल्या फुलर बेझर आणि विल्यम थॅचर यांनी १९७७ मध्ये मांडलेला हा सिद्धांत आजही पायाभूत मानला जातो. या टप्प्यावर साधारण चार तरी भ्रूण असावे लागतात; त्याहून कमी असले तर गर्भ बहुधा टिकत नाही. आणि हेच इस्ट्रोजेन नवव्या-दहाव्या दिवशी बाहेरून दिलं, तर भ्रूण पुढे दगावतात. बुरशी लागलेल्या मक्यातलं झिअरालेनोन इस्ट्रोजेनसारखंच वागतं. असा मका गाभण मादीपुढे टाकणं म्हणजे चुकीच्या वेळी संप्रेरक देणंच आहे.

डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो आणि शेवटपर्यंत तो पीतपिंडांवरच अवलंबून असतो. मुदत भरत आली की पिल्लांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल वाढतं, त्यापाठोपाठ प्रोस्टाग्लँडिन, आणि प्रोजेस्टेरॉन उतरतं. पीतपिंडांत साठलेलं रिलॅक्सिन बाहेर पडून गर्भाशयाचं मुख सैल करतं, मग ऑक्सिटोसिन कळा वाढवतं. हा क्रम ओलांडून घाईने ऑक्सिटोसिन टोचलं तर नाळेवर ताण येतो, पिल्लांचा प्राणवायू तुटतो आणि मेलेली पिल्लं जन्मतात. मुख उघडल्याची खात्री केल्याशिवाय सुई हातात घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

जन्मानंतरही आईची संप्रेरकं काम करत राहतात. डुकरिणीच्या वारेतून प्रतिपिंडं पिल्लांकडे जात नाहीत, म्हणून चीक हवाच, हे सर्वांना माहीत आहे. चिकातलं रिलॅक्सिनही पिल्लाच्या रक्तात पोहोचतं, हे फ्रँक बार्टोल आणि कॅरोल बॅगनेल यांच्या संशोधनातून कळलं. मादी पिल्लाच्या गर्भाशयातल्या ग्रंथी जन्मानंतर घडतात. सुरुवातीचे दोन दिवस चीक न मिळालेल्या पिल्लांत ही घडण मागे पडते.

गोव्यातली नोंदणीकृत आगोंदा गोवन जात असो की मोठ्या फार्मवरची यॉर्कशायर, पैदाशीसाठी ठेवायची मादी निवडताना तिचं वजन आणि सडांची संख्या पाहिली जाते. जन्माच्या दिवशी तिला पोटभर चीक मिळाला होता का, हेही नोंदवहीत असायला हवं. तिच्या पुढच्या वेतांचा पाया त्या पहिल्या दोन दिवसांतच घातला जातो.