हिंवाळ्यांतील वीजखंड आणि शेतवस्तीवरील घराची तयारी

रब्बीची पेर आटोपून गहूं-हरभरा वर येऊं लागला, कीं खेड्यापाड्यांतील विजेवरचा ताण वाढूं लागतो. पाऊस गेलेला असतो. कांद्याची लागण, उंसाच्या पाळ्या आणि बागांचें ठिबक हीं सर्व कामें एकाच काळीं येतात व सर्वांचे पंप एकदमच चालूं लागतात. ज्या रोहित्रास आपण डी. पी. म्हणतों, त्यावर त्याच्या शक्तीपेक्षां अधिक भार पडला, कीं दाब उतरतो, तारा तापतात, फ्यूज जातो आणि एखाद्या रात्रीं डी. पी.च जळून बसतो. मग एक रात्र, दोन रात्री, कधीं आठवडाभर वस्ती अंधारांत राहते. उन्हाळ्यांतील वीजखंड उकाड्यानें जाणवतो. हिंवाळ्यांतील जाणवतो तो रात्रीच्या लांबीनें. मार्गशीर्ष-पौषांत सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तो सकाळीं सातच्या सुमारास उगवतो. ह्या तेरा तासांत मुलांचा अभ्यास, धारा, आजाऱ्याची उठबस आणि उंसाच्या भागांत बिबट्याची धास्ती, हें सर्व येतें.

गांवठाणांतील घरांस बहुधा निराळी वाहिनी असते. शेतवस्तीवरील घर मात्र पुष्कळदां कृषिपंपांच्याच वाहिनीवर असतें व पंपांचे हाल तेच घराचे हाल होतात. दिवसा पंपांस वीज मिळावी म्हणून राज्यांत इ. स. २०१७ मध्यें मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु दिवसा पंप चालला म्हणून रात्रीं घरांतला दिवा जळेलच असें नव्हे. तो ज्याचा त्यास राखावा लागतो. ह्याकरितां इन्व्हर्टर, बॅटरी, जनरेटर व सौरसंच ह्यांची खरेदी सर्वत्र चालू आहे. पण ती बहुधा शेजाऱ्यानें घेतलें म्हणून किंवा दुकानदारानें सांगितलें म्हणून होते. आमचें मत असें कीं, राखीव विजेचा अर्धा भाग यंत्रांत असतो व अर्धा घरच्या हिशेबांत. हिशेब केला नसेल, तर यंत्र कितीही मोठें घेतलें तरी तें ऐन पहाटे दगा देतें.

थांबणारें काम व न थांबणारें काम

प्रथम कागद घेऊन घरांतील विजेच्या कामांचे दोन भाग पाडावे. कडबाकुट्टी, घरघंटी, धुलाईयंत्र, इस्त्री व विहिरीचा पंप हीं कामें वीज असेल तेव्हां उरकून घेतां येतात. तीं थांबणारीं होत. दिवा, मोबाइल, आजाऱ्याचें एखादें उपकरण व गोठ्यांतील उजेड हीं न थांबणारीं होत. राखीव वीज फक्त ह्या दुसऱ्या भागासाठीं समजावी.

आतां एका साध्या घराचा हिशेब पाहूं. ९ वॅटचे पांच एल. ई. डी. दिवे पांच तास जळले तर २२५ वॅट-तास होतात. गोठ्याजवळचा तसाच एक दिवा रात्रीचे दहा तास ठेवला तर ९०. दूरचित्रवाणी ६० वॅटची, दोन तास, म्हणजे १२०. दोन मोबाइल दहा दहा वॅटचे, दोन तास, म्हणजे ४०. इंटरनेटचें राउटर १० वॅटचें, आठ तास, म्हणजे ८०. एकूण ५५५ वॅट-तास. अर्ध्या युनिटाहून थोडें अधिक. हिंवाळ्यांत पंखा लागत नाहीं, ही त्यांत सवलतच.

ह्यास बॅटरी केवढी पाहिजे? बाजारांत सर्रास मिळणारी शिसें-आम्लाची बॅटरी १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांची असते. बारास दीडशेंनीं गुणिलें असतां १,८०० वॅट-तास येतात. दुकानदार हाच आंकडा सांगतो. परंतु ही बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें, म्हणून निम्मीच वापरावी; राहिले ९००. इन्व्हर्टरांतून जातांना सुमारें पांचवा हिस्सा खर्ची पडतो, राहिले ७२०. तिची क्षमता २७ अंश उष्णतामानास धरून सांगितलेली असते. निफाडकडील थंडीप्रमाणें पारा १० अंशांच्या आसपास आला, तर आणखी सुमारें दशांश कमी होतो. म्हणजे हातीं खरे ६५० वॅट-तास लागतात. आपली गरज ५५५ ची. बॅटरी नवी असेल तोंवर एक रात्र निभावते, पण गरजेबाहेरच्या चैनीस जागा उरत नाहीं. पाणी तापविण्याचा २,००० वॅटचा गिझर एक तास लावला, तर तो ह्या बॅटरीच्या सांगितलेल्या सगळ्या सांठ्याहूनही अधिक वीज खातो. अंघोळीचें पाणी बंबांत किंवा चुलीवरच तापावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरण्यास आठ ते बारा तास अखंड वीज लागते. दिवसा ती मिळाली नाहीं, तर दुसरी रात्र अंधाराचीच. ज्यांच्या वस्तीवर वीज दोन दोन दिवस जाते, त्यांनीं मोठी बॅटरी घेण्यापेक्षां आहे त्याच बॅटरीस सौर पॅनेलाची जोड द्यावी. आपल्याकडे हिंवाळ्यांत आकाश निरभ्र असतें. १ किलोवॅटचा संच दिवसाकांठीं सुमारें ४ युनिटें देतो. त्या मानानें ३०० वॅटचें एकच पॅनेल सव्वा युनिटाच्या आसपास देईल, व तेवढ्यांत वरील घराची रात्र निघते.

बॅटरी सांभाळणें हें जनावर सांभाळण्यासारखें आहे. रोज नाहीं तरी नेमानें पाहावें लागतें. दरमहा पातळी पाहून शुद्ध केलेलें बॅटरीचेंच पाणी घालावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार तिला घातक असतात. टोकांवर पांढरी बुरशी धरल्यास पुसून व्हॅसलीन लावावें. भरतांना तिच्यांतून हायड्रोजन वायु निघतो व तो पेट घेतो. म्हणून ती हवेशीर जागीं ठेवावी, देवघराच्या समईजवळ किंवा बंद कपाटांत नव्हे. लिथियमच्या बॅटऱ्या महाग असल्या तरी त्यांतील शेंकडा ८० पर्यंत वीज वापरतां येते व त्यांस पाणी घालावें लागत नाहीं. ज्यांस ऐपत आहे त्यांनीं त्यांचाही विचार करावा.

पाण्याचा सांठा ही स्वस्त राखीव वीज

५ अश्वशक्तीचा पंप सुरू होतांना नेहमीच्या पांच ते सातपट प्रवाह ओढतो. घरगुती इन्व्हर्टरावर तो चालविण्याचा विचारच करूं नये. पण पंप न चालवितांही पाणी मिळण्याची सोय आहे: वीज असतांना उंचावरील टांकी भरून ठेवावी. सहा माणसांस दरडोई ५५ लिटर म्हटलें तर ३३० लिटर, व दोन दुभत्या गाईंस पिण्यास सुमारें १२० लिटर. म्हणजे दिवसास ४५० लिटर. १,००० लिटरची टांकी दोन दिवस पुरते. ह्या सांठ्यास ना आम्ल लागतें, ना दर चार-पांच वर्षांनीं नवी बॅटरी. कडब्याची कुट्टी व दळण ह्यांचाही असाच सांठा करावा. जितकें काम दिवसा सांठविलें, तितकी रात्रीची वीज कमी लागते.

जनरेटर कोणास, व कोठें

ज्यांच्याकडे धारांचीं यंत्रें किंवा दूध थंड करण्याची टांकी आहे, त्यांचें एवढ्यानें भागणार नाहीं. हिंवाळ्यांतील वीजखंडानें दूधधंद्याचे काय होतें, हें इ. स. १९९८ च्या जानेवारींत कॅनडांत दिसून आलें. ५ ते १० तारखेपर्यंत क्विबेक व पूर्व ऑन्टारिओ प्रांतांत पडतांच गोठणारा पाऊस झाला. बर्फाच्या ओझ्यानें विजेचे मनोरे व हजारों खांब कोसळले; चाळीस लाखांहून अधिक माणसांची वीज गेली व कांहीं भागांत ती चार आठवड्यांवर आली नाहीं. तेथील गाईंच्या धारा यंत्रानें निघतात. वेळेवर धार न निघाल्यानें गाईंस कासदाह झाला आणि निघालेलें दूध कारखाने बंद असल्यामुळें ओतून द्यावें लागलें. ज्यांच्याजवळ जनरेटर होता, त्यांनीं तो एका गोठ्यावरून दुसऱ्या गोठ्यावर फिरवून शेजाऱ्यांच्या गाई वांचविल्या. आपल्याकडे बर्फ पडत नाहीं. पण जनरेटर फिरविण्याची ही रीत घेण्यासारखी आहे. ट्रॅक्टरच्या मागील दांड्यावर चालणारा जनरेटर पांच-सहा वस्त्यांनीं मिळून घेतला, तर खर्च वांटला जातो व यंत्र गंजत पडत नाहीं.

जनरेटर घरांत, पडवींत किंवा गोठ्याच्या भिंतीआड कधींही लावूं नये. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. डोकें जड होतें, झोंप येते व माणूस उठत नाहीं. इ. स. २०२१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत कडाक्याच्या थंडींत वीज गेली, तेव्हां थंडीपासून वांचण्याच्या धडपडींत कित्येक माणसें ह्याच वायूनें दगावलीं. आपल्याकडे थंडींत दारें-खिडक्या लावून आंत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल आहे. तींतूनही हाच वायु निघतो. जनरेटर दारें-खिडक्यांपासून निदान २० फूट दूर, उघड्यावर व धुराचें तोंड घरापासून उलट दिशेस करून ठेवावा.

उलटी वीज

आतां सर्वांत महत्त्वाचें. पुष्कळ ठिकाणीं जनरेटराची तार दोन्ही टोकांस पिना लावून घरांतील एखाद्या सॉकेटांत खुपसतात व घरभर वीज खेळवितात. मेन स्विच चालूच राहिला, तर ही वीज मीटरांतून बाहेर तारेवर जाते. डी. पी. दोन्ही दिशांनीं काम करितो: वरचे ११,००० व्होल्ट उतरवून तो जसे घरास देतो, तसेच घराकडून आलेले २३० व्होल्ट चढवून तो वरच्या तारेवर ११,००० करूं शकतो. त्या वेळीं वाहिनी बंद आहे असें समजून कोणी खांबावर काम करीत असेल, तर त्याचा जीव आपल्या घरांतील चार दिव्यांपायीं जाईल. तो लाइनमन असेल. किंवा, आपल्या गांवांची रीत पाहतां, वाट पाहून कंटाळल्यामुळें स्वतःच फ्यूज घालण्यास गेलेला आपला शेजारी असेल. असें स्वतः डी. पी.ला हात लावणें सर्वथा वर्ज्य आहे, हें येथेंच सांगून ठेवतों; पण लोक तें करितात हें जाणूनच आपण वागलें पाहिजे.

उपाय सोपा आहे. मीटर व घर ह्यांच्यामध्यें परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. त्याचा दांडा एका वेळीं एकाच बाजूस राहतो: वाहिनीकडे, नाहीं तर जनरेटराकडे. दोन्ही विजा एकत्र येऊंच शकत नाहींत. यंत्राच्या किंमतीपुढें हा खर्च क्षुल्लक आहे. जनरेटर घेणाऱ्यानें आधीं हा स्विच घ्यावा, मग यंत्र, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. त्याबरोबरच घराची अर्थिंग तपासून घ्यावी. थंडीच्या अखेरीस जमीन सुकली कीं ती निकामी होते व ओलावा राखणें आपल्याच हातीं असतें.

छपरावरील सौरसंचाविषयीं एक गैरसमज

इ. स. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेंत १ किलोवॅटास ३०,०००, २ किलोवॅटांस ६०,००० व ३ किंवा अधिक किलोवॅटांस ७८,००० रुपये साहाय्य ठरविलें गेलें. पुष्कळांनीं असे संच बसविले व आतां वीज गेली तरी चिंता नाहीं असें मानिलें. वस्तुतः वाहिनीस जोडलेला साधा संच वाहिनी बंद पडतांच, ऊन कितीही असो, आपोआप बंद पडतो. हा दोष नव्हे. वर सांगितलेली उलटी वीज तारेवर जाऊं नये म्हणूनच तशी योजना केलेली असते. वीज गेल्यावरही उपयोग व्हावा असें वाटत असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर व बॅटरी घ्यावी लागते. संच घेण्यापूर्वींच दुकानदारास विचारावें, “वाहिनी गेल्यावर ह्यावर घरांतील कोणते दिवे चालतील?” आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावें.

सर्व तयारी झाल्यावर तिची परीक्षा घ्यावी. दिवाळीच्या आगेमागें, वीज असतांना, एका संध्याकाळीं मेन स्विच आपण होऊन बंद करावा व सकाळपर्यंत घर राखीव विजेवर चालवावें. कोणता दिवा अनावश्यक होता, बॅटरी किती वाजतां उतरली, टांकींत किती पाणी उरलें, घरांतील बायांस व मुलांस दांडा फिरवितां आला कीं नाहीं, हें लिहून ठेवावें. त्या एका रात्रींत जें उणें दिसेल तें आठ दिवसांत भरून काढतां येतें. पौषांतल्या रात्रीं डी. पी. जळाल्यावर तितकी सवड मिळत नाहीं.