खुब्यातला गुलाबी गोळा

सुरतेतल्या वराछा किंवा कतारगामच्या रत्नकलाकाराला सिरॅमिकचा कृत्रिम खुबा समजावून सांगणे सोपे आहे. माणिक आणि नीलम ज्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बनतात, त्याचाच या सांध्यातला गोळा. जर्मनीच्या सेरामटेकचा बायोलॉक्स डेल्टा आज जगभर वापरला जातो. त्यात भंगू नये म्हणून झिर्कोनिया मिसळलेले असते आणि किंचित क्रोमियममुळे तो गुलाबी दिसतो. माणकाची लालीही क्रोमियमचीच. इतके कठीण द्रव्य घासायला हिराच लागतो. सुरतेच्या घंटीवर हिरा ज्या हिऱ्याच्या भुकटीने घासतात, तसल्याच भुकटीने या गोळ्याला चकाकी येते.

फ्रान्समधल्या पो शहरात पिएर बुतँ यांनी 1970 मध्ये सिरॅमिकच्या वाटीत सिरॅमिकचा गोळा बसवला. झीज जवळजवळ थांबली, पण काही रुग्णांचा सांधा चालताना करकरू लागला. हे प्रमाण काही अहवालांत शंभरात एकाहूनही कमी, तर काहींत दहाहून जास्त आहे.

एवढी तफावत का? दोन गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये सांध्यातल्या द्रवाचा पातळ थर असतो. वाटी फार उभी किंवा जास्त फिरलेली बसली, तर वाकताना गोळा तिच्या काठावर चढतो. थर तुटतो, गोळ्यावर झिजेचा पट्टा उमटतो आणि कोरड्या घर्षणाने कंप सुटतो. हा कंप मोठा होतो तो मांडीच्या हाडात ठोकलेल्या धातूच्या दांड्यात. तंबोऱ्याची तार छेडली तरी नाद भोपळ्यात घुमतो, तसेच हे. काही लवचीक टायटॅनियम दांड्यांबरोबर आवाजाच्या तक्रारी जास्त आल्या, हे म्हणूनच. सगळा दोष गोळ्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

सुरतेच्या लिंबायत-उधन्यातल्या आपल्या खानदेशी घरांना हे जवळचे आहे. जमिनीवर बसणे आणि उकिडवे होणे रोजचेच, आणि गोळा काठावर चढतो तो अशाच खोल वाकण्यात. शिवाय भारतात रक्तपुरवठा तुटून खुबा निकामी होणारे पुष्कळ जण ऐन कमावत्या वयातले असतात. त्यांचा सांधा दशकानुदशके टिकायला हवा. अशांपैकी बहुतेकांसाठी सिरॅमिकचा गोळा आणि सुधारित, क्रॉसलिंक्ड पॉलिथिनची वाटी ही जोडी मला समंजस वाटते: झीज कमी आणि करकर जवळपास नाहीच. मात्र आवाज नाही म्हणजे धोका नाही, असेही नव्हे. 2010 मध्ये जगभरातून परत मागवलेल्या एएसआर नावाच्या, धातूच्या वाटीत धातूचा गोळा असलेल्या सांध्यांतून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना गोळा, वाटी आणि दांडा कशाचे आहेत ते विचारा. नुसती करकर बहुधा निरुपद्रवी असते, तरी ती डॉक्टरांच्या कानावर घाला. सोबत दुखू लागले तर लगेच एक्स-रे काढून घ्या. सिरॅमिक फुटलेच तर त्याचे कण आत उरतात आणि मऊ धातूचा नवा गोळा झिजवतात, म्हणून बदलताना पुन्हा सिरॅमिकच घालावे लागते. त्या वेळी नव्या सर्जनला जुन्या सांध्याची कंपनी आणि माप कळायला हवे. ही माहिती असलेले खोक्यावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असतात. घरी जाताना त्यांची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा.